शेजारच्या बाईंची भाषा

आमच्या शेजारच्या बाई अबोल आहेत, असंच मी पहिलं वर्षभर समजून चालले होते. दिसल्या की मान हलवायच्या, "वारा आहे," म्हणायच्या आणि आत जायच्या. मोंटानातल्या त्या गावात वारा रोजच असायचा. रुळांवरचे मालगाडीचे रिकामे डबेसुद्धा तो कधीमधी आडवे करायचा. त्यामुळे त्यांच्या वाक्यावर काय उत्तर द्यावं ते मला सुचायचं नाही. मीही "हो, आहे," म्हणायचे आणि विषय संपायचा.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. माझ्या नवऱ्याला ब्राउनिंगला, ब्लॅकफीट लोकांच्या रिझर्व्हेशनवरच्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टरची नोकरी लागली होती. नागपूरला फोन करून त्याने ही बातमी दिली, तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "रिझर्व्हेशन मिळालं ते ठीक, पण कुठल्या गाडीचं?" त्यांना समजावताना आम्हीच अडखळलो. मुळात हा सगळा मुलूख ज्यांचा होता, त्यांच्याकडे करारामागून करार करत, आक्रसत आक्रसत जेवढा उरला, त्याला रिझर्व्हेशन म्हणायचं, हे ट्रंककॉलवर कसं सांगणार? "गाव छोटं आहे, पण डोंगर छान आहेत," एवढं सांगून आम्ही फोन ठेवला.

डोंगर खरंच छान होते. पश्चिमेला भिंतीसारखी रांग होती आणि तिला तिथले लोक जगाचा कणा म्हणायचे. गाव मात्र साधं होतं. एक मोठा रस्ता, पेट्रोल पंप, चर्च, पेन्सिलींचा कारखाना, आणि जमातीने स्वतःच सुरू केलेलं एक छोटं कॉलेज. माझी गणितातली एम.एस्सी. त्या कॉलेजच्या कामी आली आणि मी तिथे बीजगणित शिकवू लागले. माझे विद्यार्थी बहुतेक माझ्याच वयाचे, काही मोठेसुद्धा. त्यात शेजारच्या बाईंची मुलगी होती. तिशीतली, पेन्सिलींच्या कारखान्यात कामाला, नवऱ्यापासून वेगळी झालेली. तिची लेक आणि माझी लेक एकाच वयाच्या, शाळेच्या उंबरठ्यावरच्या. एक दिवस वर्गानंतर ती मला म्हणाली, "तू शिकवत असताना तुझी मुलगी कुठे असते?"

"एका बाईंकडे ठेवते. गावाच्या दुसऱ्या टोकाला."

"आमच्याकडे ठेव. आई एकीला सांभाळते, तशी दोघींना सांभाळेल."

असं आमचं जाणं-येणं सुरू झालं. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं; इथे ते मराठीत मांडते आहे, कारण मला ते आता मराठीतच आठवतं.

बाई साठीच्या पुढच्या होत्या. रुंद चेहरा, दोन बारीक वेण्या, पायात बारा महिने गमबूट. मुलींना त्या ओरडायच्या नाहीत. कुणी चुकीचं वागलं की फक्त बघायच्या, आणि तेवढं पुरायचं. माझ्याशी तरीही वारा, बर्फ आणि मुलींनी काय खाल्लं, यापलीकडे बोलणं जात नसे.

मग उन्हाळ्यात त्यांची बहीण आली.

बहीण थोडी मोठी, दक्षिणेला हार्ट ब्यूटजवळ राहणारी. दोघी मागच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या आणि मी मुलीला आणायला कुंपणाशी पोचले होते. मला आधी वाटलं, कुणी दुसरीच बाई बोलते आहे. आमच्या अबोल बाई हातवारे करून काहीतरी रंगवून सांगत होत्या. आवाज चढत होता, उतरत होता, मध्येच कुणाची तरी नक्कल, मध्येच घशातून येणारा आपल्या 'ख'ला जवळचा एक उच्चार. बहीण हसून हसून पदराने पुसावेत तसे स्वेटरच्या बाहीने डोळे पुसत होती. मी फाटक ढकललं आणि दोघी गप्प झाल्या. "वारा आहे," बाई इंग्रजीत म्हणाल्या.

त्यांच्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी विचारलं, "तुझ्या आई आणि मावशी काय बोलत होत्या गं?"

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "मला ती भाषा येत नाही. आम्हा भावंडांपैकी कुणालाच येत नाही. आईने एक शब्द शिकवला नाही."

हे ती कडवटपणे म्हणाली नाही. पण तिने वह्या जरा जोरात गोळा केल्या, हे माझ्या लक्षात राहिलं.

त्या हिवाळ्यात बहीण गेली. न्यूमोनिया झाला होता; माझ्या नवऱ्यानेच उपचार केले, पण हृदय साथ देईना. हार्ट ब्यूटच्या हॉलमध्ये दोन-तीन दिवस माणसं नुसती येत होती. कुणी मांस शिजवून आणलं, कुणी तळलेल्या जाड पोळ्या, कुणी रानातल्या जांभळ्या बोरांचं घट्ट सार. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मी पातेलंभर मसालेभात केला. तिथल्या म्हाताऱ्यांनी तो शांतपणे खाल्ला. एका आजोबांनी पुन्हा वाढून घेतला आणि "तिखट आहे, पण रडायला आलोच आहोत," असं म्हणाले. शेजारी बसलेले सगळे हसले, शोक करणारेही. दुःखाच्या घरात इतक्या सहज हसता येतं, आणि त्याने दुःखाचा मान जरासुद्धा कमी होत नाही, हे मी तिथे पाहिलं.

परतताना बाई माझ्या गाडीत होत्या. मुलगी मागे, हॉलची आवराआवर करायला थांबली होती. रस्ता बर्फाने पांढरा, दोन्ही बाजूंना उघडं माळरान. एका लांबट टेकडीपाशी त्यांनी काचेवर बोट टेकवलं.

"तिथे आमची माणसं आहेत."

मला घरं दिसेनात. मग लक्षात आलं, त्या पुरलेल्या माणसांबद्दल बोलत होत्या.

"रानरेडे संपवले गोऱ्यांनी," त्या म्हणाल्या. "सरकार म्हणालं, आम्ही धान्य देऊ. त्या हिवाळ्यात आलंच नाही पुरेसं. माणसं एजन्सीच्या, म्हणजे सरकारी कचेरीच्या, आसपास राहून वाट बघत होती. जमीन इतकी गोठलेली की खड्डे खणता येईनात. म्हणून नुसतीच टेकडीवर ठेवत गेले. माझी आजी तेव्हा आपल्या पोरींएवढी होती. ती वाचली."

किती जण गेले, मी विचारलं नाही. पुढे वाचनात आलं, शेकड्यांनी. तेव्हा मी एवढंच म्हणाले, "तुम्ही हे मुलीला सांगितलंय?"

"इंग्रजीत नीट सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारख्या, "आणि आता दुसऱ्या भाषेत सांगायला घरात कुणी उरलं नाही."

मग त्या बोलत राहिल्या. एवढं सलग बोलताना मी त्यांना इंग्रजीत पहिल्यांदाच ऐकलं. दोघी बहिणींना लहानपणी सरकारने वसतिगृहाच्या शाळेत नेऊन टाकलं होतं. आपली भाषा बोलताना सापडलं की तोंडात साबण घालायचे. मोठी बहीण हुशार. दोघी मिळून कपडे धुण्याच्या कामावर नाव लावून घ्यायच्या, आणि वाळत घातलेल्या चादरींच्या आड उभं राहून कुजबुजायच्या. "ओल्या चादरी वाऱ्याने फडफडतात. त्या आवाजात आमचा आवाज कुणाला ऐकू जायचा नाही. आम्ही रोजचंच बोलायचो. आईने या वेळेला काय केलं असेल, घोडी व्याली असेल का, असलं."

गावात शिरताना त्या म्हणाल्या, "मला मुलं झाली तेव्हाच मी ठरवलं. यांच्या तोंडात कुणी साबण घालणार नाही. घालायला कारणच ठेवायचं नाही."

मी गाडी त्यांच्या दाराशी थांबवली. त्या उतरल्या, मान हलवली आणि आत गेल्या. त्या नकारामागे केवढी माया होती, हे मी रात्री नवऱ्याला सांगत बसले.

मावशीच्या जाण्याने मुलगी मात्र हलली होती. वसंतात कॉलेजने भाषेचा वर्ग सुरू केला, त्यात तिने नाव घातलं. शिकवायला एक वृद्ध गृहस्थ यायचे. बाईंच्याच शाळेत शिकलेले. कॉलेजचे वर्ग म्हणजे चाकांवरून आणून ठेवलेल्या पत्र्याच्या खोल्या होत्या, मध्ये पातळ प्लायवूडची भिंत. एका बाजूला मी समीकरणं शिकवायचे, दुसऱ्या बाजूला मोठमोठी माणसं बालवाडीसारखी एका सुरात म्हणायची: "पोनोकाओमिताआ." म्हणजे घोडा. नीट फोड केली तर 'हरीण-कुत्रा': घोडे प्रथम आले तेव्हा लोकांनी पाहिलं, आकार मोठ्या हरणाचा आणि ओझं कुत्र्यासारखं ओढतात. मला तो शब्द इतका आवडला की मी घरी मुलीला शिकवला. तिने मला इंग्रजीत विचारलं, मग मराठीत घोड्याला घोडा का म्हणतात? 

शेजारची मुलगी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मोठ्याने घोकायची. मी लेकीला न्यायला जायचे तेव्हा कानावर पडायचं. बाई तिच्याकडे पाठ करून शेगडीशी उभ्या असायच्या. एक अक्षर बोलायच्या नाहीत. पण मुलगी चुकली की त्यांचे खांदे किंचित वर जायचे, दातांखाली खडा आल्यावर आपण आक्रसतो तसे. चुकते आहे हे मलासुद्धा कळायला लागलं ते त्या खांद्यांवरूनच.

त्या भाषेत, मी जेवढं समजले त्याप्रमाणे, वस्तूंची विभागणी आपल्यासारखी तो-ती-ते अशी नसते. सजीव आणि निर्जीव अशी असते, आणि क्रियापद त्याप्रमाणे बदलतं. आणखी एक गंमत म्हणजे, शब्दाच्या शेवटचा स्वर मोठ्याने म्हणायचा नसतो, तो नुसता श्वासात सोडायचा. मुलगी कधी तो ठणकावून म्हणायची, कधी गाळूनच टाकायची.

त्या दिवशी ढोलाबद्दलचं एक वाक्य ती घोकत होती. साधंच, 'मला ढोल दिसतो' अशासारखं काहीतरी. मी दाराशी उभी राहून लेकीच्या बुटांची नाडी बांधत होते. तिने ते वाक्य म्हटलं, परत म्हटलं, पुन्हा म्हटलं. बाईंनी हातातला डाव भांड्यावर ठेवला आणि मागे वळल्या.

"ढोल मेलेला नाही," त्या म्हणाल्या.

मुलगी बघत राहिली. "काय?"

"तू तो मेलेला असल्यासारखं बोलते आहेस. ढोल जिवंत असतो. सुरीसुद्धा. दगडाधोंड्यासारखं नाही बोलायचं त्याच्याबद्दल."

"मग कसं म्हणायचं?"

 भांड्यात उकळत होतं, ते बाईंनी एकदा ढवळलं. मग त्यांनी ते पूर्ण वाक्य म्हटलं, सावकाश, आणि शेवटचा स्वर ओठांवरून नुसता वाऱ्यासारखा सोडला. मुलीने तसंच म्हटलं. बाईंनी मान हलवली, म्हणजे नाही. परत म्हटलं. परत नाही. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती थांबली नाही. केव्हातरी बाईंचे खांदे खाली आले.

"ठीक," त्या म्हणाल्या. "आता जेव."

मी लेकीचा हात धरून बाहेर पडले. आमच्या कुणाच्याही घरी असतं तर त्या क्षणी गळामिठी, रडारड, पेढे, सगळं झालं असतं. इथे आई मुलीला बटाटे वाढत होती. 

त्यानंतर बाईंना गप्प राहणं जमेना. खुर्ची, पाणी, दार, पाऊस, जे दिसेल ते. नातीला तर त्या आम्हा मोठ्यांच्या देखत त्या भाषेत हाक मारू लागल्या, आणि ती पोर काहीच विशेष न घडल्यासारखी धावत जायची. माझी लेकही तिच्यामागोमाग जायची.

शरद ऋतूत भाषेचे ते वृद्ध शिक्षक आजारी पडले. हॉस्पिटलात माझ्या नवऱ्याच्याच वॉर्डात होते. बाई त्यांना बघायला गेल्या. नवरा घरी येऊन सांगू लागला, "आज यार, मजा झाली. ते म्हणाले, 'माझा वर्ग तू घे.' त्या म्हणाल्या, 'मी शिक्षक नाही.' ते म्हणाले, 'आपल्याला शिकवायला आले होते ते कुठे शिक्षक होते?' यावर त्या इतक्या हसल्या की नर्स बघायला आली."

पुढच्या आठवड्यात प्लायवूडच्या पलीकडे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ शांतता. मी फळ्यावर एक समीकरण लिहीत होते. शांतता इतकी लांबली की मला काळजी वाटायला लागली. मग बाईंचा आवाज आला. त्या शब्द शिकवत नव्हत्या, गोष्ट सांगत होत्या. पायऱ्यांवर बहिणीला सांगायच्या तशी, चढत उतरत, कुणाची तरी नक्कल करत.

माझ्या वर्गातल्या पेन्सिली थांबल्या. रस्त्यांच्या खात्यात काम करणारा एक दणकट माणूस पहिल्या बाकावर बसायचा. त्याने हातातला कागद खाली ठेवला. "माझी आजी अशी बोलायची," तो म्हणाला. "काय म्हणायची ते कळायचं नाही. पण अशीच."

मी खडू ठेवून दिला. त्या तासाला बीजगणित झालं नाही. आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून बसलो आणि ऐकलं. पलीकडे हशा झाला तेव्हा इकडचेही काही हसले, अर्थ न कळता.

दर जुलैत गावाबाहेरच्या मैदानावर लोक तंबू ठोकून जमायचे. उंच, शंकूसारखे तंबू, त्यांच्यावर त्या-त्या घराण्याची चित्रं, मोठ्या ढोलाभोवती बसून गाणारे पुरुष, नाचणारी पोरंबाळं. कॅनडातून, सिअ‍ॅटलहून, शिकागोहून नातेवाईक यायचे. शहरात कामं मिळतील म्हणून सरकारने ज्यांना गावाबाहेर काढलं होतं, त्यातलेही पुष्कळ. बहिणीला जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. बाईंच्या घराने त्या वर्षी तिच्या नावाने वाटप ठेवलं होतं. हिवाळाभर मायलेकींनी गोधड्या शिवल्या होत्या, मधोमध मोठी चांदणी असलेल्या.

बाई नातीचा हात धरून मैदानाच्या मध्यभागी गेल्या. माइक हातात धरलेल्या गृहस्थांनी त्यांच्या वतीने बोलायला तोंड उघडलं, तसा त्यांनी माइक स्वतःकडे घेतला. हजारभर माणसांसमोर, जी बाई मला फक्त वाऱ्याबद्दल सांगायची ती, आपल्या भाषेत बोलू लागली. मुलगी माझ्या शेजारी उभी होती. ती हलक्या आवाजात मला समजावत होती, अडखळत, काही शब्द सुटत होते तिचे. "मावशीचं नाव... आई ते नाव तिला देते आहे... म्हणते, हे नाव आमच्यात फार आधीपासून आहे... उपाशी राहिलेल्यांच्याही आधी..." मग ती थांबली. "पुढचं मला नाही कळलं," ती म्हणाली. "विचारीन तिला."

नात ताठ उभी होती, तिच्या नव्या नावासकट. मग वाटप सुरू झालं. एकेकाला बोलावून बाई गोधडी, घोंगडी, कपडे देत होत्या. ज्यांनी आजारपणात धावपळ केली, ज्यांनी हॉलमध्ये स्वयंपाक केला, परगावाहून आलेले, म्हातारे, सगळे. आपल्याकडे संक्रांतीला वाण लुटतात, त्या 'लुटतात' शब्दाचा अर्थ मला त्या मैदानावर नीट कळला. ज्या घरात दोन चांगल्या खुर्च्या नव्हत्या, ते घर दुपारभर देत होतं, आणि देताना त्या बाईंचा चेहरा राणीसारखा दिसत होता. मलाही बोलावलं. माझ्या खांद्यावर गोधडी टाकून त्यांनी माझा हात हातात घेतला. तिथे हात दाबत नाहीत, नुसता हलका स्पर्श करतात.

"भात छान होता," त्या म्हणाल्या.

काही वर्षांनी नवऱ्याला शिकागोजवळ, शॉमबर्गला नोकरी मिळाली आणि आम्ही निघालो. तिथे रविवारी कुणाच्या तरी तळघरात मराठी मंडळी जमायची, मुलं वरच्या मजल्यावर इंग्रजीत भांडायची, काकू-काका खाली तक्रार करायचे की पोरं मराठी बोलतच नाहीत. मी कधी कधी ब्राउनिंगची हकिकत सांगायला सुरुवात करायचे. कुणी तरी म्हणायचं, "ते वेगळं हो, त्यांची परिस्थिती वेगळी." वेगळी होतीच. पण मी माझ्या लेकीशी घरात मराठी बोलणं सोडलं नाही, आणि तिने इंग्रजीत उत्तर दिलं तरी मराठीतच पुढे बोलत राहिले.

दशक संपता संपता आम्ही सुट्टीत परत गेलो. शिक्षक गृहस्थ वारले होते. वर्ग आता मुलगी घेत होती, आणि बाई मागच्या बाकावर बसून तिच्या चुका काढत होत्या. मी विचारलं, "कशी शिकवते?"

"घाई करते," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण त्यांना बोलतं करते."

त्यांच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी आणखी दोन-तीन म्हाताऱ्या बायका आल्या होत्या. मुलीने नवा मायक्रोवेव्ह घेतला होता, आणि वर्गातल्या कुणी तरी विचारलं होतं की याला आपल्या भाषेत काय म्हणायचं. त्यावरून वाद पेटला होता. एकीचं म्हणणं, शब्दात विस्तव हवा. दुसरी म्हणाली, यात विस्तव कुठे दिसतो? तिसरीने काहीतरी सुचवलं, त्यावर सगळ्या तुटून पडल्या. मुलगी मधून मधून मला भाषांतर करून सांगत होती. ते यंत्र सजीव धरायचं की निर्जीव, यावर तर एकमत होण्याची चिन्हंच नव्हती. बाई टेबलाच्या टोकाशी बसून कुणालाच सोडत नव्हत्या.

शेवटी त्यांनी हाताने सगळ्यांना थांबवलं, उठून कालचं मांस एका बशीत काढलं, त्या पेटीत ठेवलं आणि बटण दाबलं. "आधी जेवू," त्या म्हणाल्या, आणि सगळ्या जणी ते फिरताना बघत बसल्या.